सुतकातल्या घुंगरमाळा

आमी रावेरकडचे. आजा गाडीवान, बाप गाडीवान, मी बी गाडीवान. काय सांगू तुमाले, लाकडी चाकाची गाडी व्हती तवा अर्ध्या कोसावरून खडखडाट ऐकू ये, अन केळीचे घड पोचेपर्यंत धक्क्यानं काळे पडत. मंग बापानं टायरगाडी केली. काय गाडी व्हती! पोटातलं पानी हालत नव्हतं, घडाले डाग नाही. आवाज म्हनशाल तर बैलांच्या घुंगरमाळांचा, तेवढाच.

मंग बाप गेला. आमच्याकडे गाडीवानांची रीत, घरात मयत झालं का वरीसभर बैलांच्या गळ्यात घुंगरू नाही. आईनं माळा काढून खुंटीले टांगल्या. गाडी आता बिलकुल मुकी झाली, हे कोनाच्या ध्यानातच आलं नाही.

आमच्या गावात एक पिंजारी चाचा, लहानपनी देवी येऊन डोळे गेलेले, पन गादी अशी भरे का हात फिरवत बसावं. कापूस पिंजायची धनुकली खांद्यावर टाकून, काठी टेकत, एकटाच जाये. एक दिवस वळनावर मी मांगं पाहून घड सावरत व्हतो, अन गाडीचं जू चाचाच्या पाठीले लागलं. पडला, उजवा हात मोडला, अन त्याच हातावर त्याचं पोट. मी उडी टाकून त्याले उठून बसवलं. शिवी नाही, शाप नाही, तो मानूस इचारतो काय, बेटा, माळा कुठी गेल्या? मी सुतकाचं सांगितलं. म्हने, अरे, लाकडी चाक व्हतं तवा सुतक पाळनं सोपं व्हतं, चाक बोले. आता आंधळ्यानं कशाच्या भरोशावर चालावं?

त्याले हाडवैद्याकडे नेलं अन घरी येऊन आईले खरं सांगितलं. वाटलं, आता ही रडल. ती उठली, खुंटीवरच्या माळा काढल्या अन सोताच्या हातानं बैलांच्या गळ्यात बांधल्या. म्हने, तुह्या बापानं जिंदगीत कोनाले धक्का लावला नाही, आता त्याच्या सुतकापायी तू लावतो का? भाऊबंद बोलले, नवरा जाऊन महिना नाही अन दारात घुंगरू वाजते. आई म्हने, वाजू द्या. मांगून गावातल्या साऱ्या टायरगाडीवाल्यांनी ती रीत सोडली.

चाचाचा हात जुळला, जरा वाकडा, पन धनुकली चालते. मागच्या महिन्यात आई गेली. तेरावं झाल्यावर गाडी जुंपली, माळा तशाच. चाचा आवाज ऐकून कडेले झाला, काठी बगलेत धरली, अन गाडी पुरी जाईपर्यंत दोन्ही हात वर करून माह्या आईसाठी दुवा मागत उभा राह्यला.