ऑडिटरबाईंचा भाऊ

(ऑक्टोबरची दुपार. कापणी झालेल्या गव्हाच्या शेतांमधून जाणारा सरळसोट रस्ता. बोनेट चेपलेली एक मोटार, तिच्यामागे थांबलेला पिकअप ट्रक आणि कडेच्या गवतात मरून पडलेलं हरीण.)

कर्टिस : ...नाही नाही, मी ठीक आहे. कपाळ जरा खरचटलंय, एवढंच. पण तुम्ही कशाला थांबलात, मिसेस क्नुट्सन? सहा वाजता आपली जाहीर चर्चा. मी पोचलोच नसतो तर मैदान मोकळं होतं तुम्हाला.

लोरेटा : रिकाम्या खुर्चीशी काय चर्चा करू? आणि लोरेटा म्हण. हा रुमाल धर. असा पिसासारखा नको धरूस, दाबून धर.

कर्टिस : एकदम आडवं आलं हो ते.

लोरेटा : हरीण एकदमच येतं, आधी कळवून येत नाही. ऑक्टोबरात या रस्त्यावर गाडी हळू चालवायची, हे राजधानीत कोणी सांगत नाही वाटतं?

कर्टिस : मला कोणी काहीच सांगत नाही. गेले चार महिने राज्यभर भटकतोय. परवा एका जत्रेत एका गृहस्थांनी विचारलं, राज्याचा ऑडिटर निवडून द्यावा लागतो? म्हटलं, हो. तर म्हणतात, कधीपासून?

लोरेटा : मला एकानं गव्हर्नरबाई समजून झाडलं. ऐकून घेतलं बापडीनं. मतपत्रिकेवर आपण इतके खाली असतो की तिथवर येईतो लोकांना जांभया येतात.

कर्टिस : आज तरी येतील का कोणी?

लोरेटा : चर्चच्या बायकांनी आंबटगोड रूबार्ब भरून केकसारखे 'पाय' भाजलेत. येतील की चाळीसेक. आपल्यासाठी नाही, त्या गोड तुकड्यासाठी. ए, हात वर कर.

कर्टिस : कोण होते ते? ओळखीचे?

लोरेटा : काय माहीत. इथे समोरून गाडी गेली की हात वर करायचा. आता संध्याकाळपर्यंत गावभर होईल, ऑडिटरपदाचे दोन्ही उमेदवार एका हरणापाशी उभे होते म्हणून.

कर्टिस : आता करायचं काय?

लोरेटा : शेरिफच्या ऑफिसात फोन केलाय. तिथली फोनवरची मुलगी जवळच्या कोणालातरी हरीण न्यायला पाठवते. मांस वाया घालवत नाही इथे. ते माणूस आलं की तू बस माझ्या ट्रकमध्ये. तुझा फोन वाजतोय.

कर्टिस : वाजू दे.

लोरेटा : तिसऱ्यांदा वाजतोय. बायको आहे का?

कर्टिस : पेज आहे. माझ्या प्रचाराचं सगळं तीच बघते.

लोरेटा : मग उचल. बायकोला टाळता येतं, प्रचारवालीला नाही.

कर्टिस : तुमच्या रुमालानं कपाळ पुसत तिच्याशी बोलणं जमणार नाही मला. लोरेटा, एक जाहिरात तयार आहे. तुमच्याविरुद्ध. उद्यापासून टीव्हीवर लावायची की नाही, हे मी पाचच्या आत सांगायचंय.

लोरेटा : अस्सं. चांगली दिसतेय का मी त्यात?

कर्टिस : थट्टा नका करू. तुम्ही जिल्ह्याच्या ऑडिटर होतात तेव्हा तुमचे भाऊ गावच्या अग्निशमन दलाचे प्रमुख होते. त्यांनी आगीचा बंब स्वतःच्या कामाला वापरला, चौकशी झाली, आणि खटला मात्र झाला नाही. जाहिरातीत म्हटलंय, बहिणीनं भावाला पाठीशी घातलं. आपल्यात दोन टक्क्यांचा फरक आहे. पेज म्हणते, ही लागली की जिंकलोच.

लोरेटा : खरंय तिचं. जिंकशील.

कर्टिस : पण हे खरं आहे का?

लोरेटा : खटला झाला नाही, हे खरं आहे.

कर्टिस : आणि पाठीशी घातलंत ते?

लोरेटा : हे बघ, त्यावर मी काही बोलणार नाही. चर्चेत विचारलंस तरी नाही. त्याचं नाव मी एकदा चव्हाट्यावर आणलंय. आता निवडणूक जिंकायला पुन्हा आणू? तेवढी काही हौस नाही मला खुर्चीची.

कर्टिस : म्हणजे हरायची तयारी आहे तुमची?

लोरेटा : तयारी कसली? अजिबात हरायचं नाहीये मला. या कामासाठी जीव तुटतो माझा. अरे देवा! हाच बरा सापडला त्या मुलीला पाठवायला.

कर्टिस : कोण आलंय?

लोरेटा : तुझ्या जाहिरातीतला.

ऑरिन : हरीण कुठंय?

कर्टिस : इथे, गवतात. नमस्कार, मी कर्टिस बेलामी. मी—

ऑरिन : गाडीवरच्या पोस्टरवरनंच कळलं. तिला म्हणावं, ट्रक जरा मागं घे. मला माझा लावायचाय.

कर्टिस : त्या इथेच उभ्या आहेत.

ऑरिन : दिसतंय मला. म्हणावं, मागं घे.

लोरेटा : त्याला म्हणावं, भरपूर जागा आहे. तीस वर्षं बंब चालवलास, हरणापाशी ट्रक लावता येत नाही का?

कर्टिस : त्या म्हणतायत—

ऑरिन : ऐकलं. तिला म्हणावं, जीभ आहे तशीच आहे. तू पाय धर, पोरा. मागचे. सुटाबुटाची काळजी नको, रक्त नाहीये.

कर्टिस : किती वर्षं चाललंय हे असं?

लोरेटा : सात. पण बर्फ पडला की भल्या पहाटे येऊन माझ्या दारातला सगळा बर्फ काढून जातो. कॉफीला ये म्हटलं की हात झटकतो आणि निघतो.

ऑरिन : म्हातारी पडून कंबर मोडून बसली तर दवाखान्यात मलाच न्यावं लागेल. म्हणून काढतो.

कर्टिस : मला एक विचारायचंय तुम्हाला. त्या बंबाचं काय झालं होतं?

लोरेटा : कर्टिस, नको.

ऑरिन : का विचारतोस?

कर्टिस : माझी माणसं टीव्हीवर सांगणार आहेत, की यांनी तुम्हाला वाचवलं.

ऑरिन : कोणी वाचवलं? हिनं? मला?

कर्टिस : जाहिरातीत तसं म्हटलंय.

ऑरिन : खाली ठेव ते पाय. नीट ऐक. त्या साली पाऊस नव्हता. विहिरी आटल्या, तळी आटली. गुरं कुंपणाला तोंड लावून ओरडायची, झोप लागायची नाही. मी बंब भरला नदीवर आणि दारोदार पाणी घातलं. महिनाभर घातलं. अख्खं गाव मला डोक्यावर घेऊन नाचत होतं.

लोरेटा : त्याला म्हणावं, दारोदार म्हणजे कोणाच्या दारी, ते पण सांग.

ऑरिन : सांगतोय ना! आमच्यातल्यांच्या. चर्चमधले, सोबत शिकारीला येणारे. नदीपलीकडं आगिलार म्हणून नवीन कुटुंब आलं होतं भाड्याच्या शेतावर. त्यांच्याकडं नाही गेला बंब. त्यांची गुरं मेली.

कर्टिस : का नाही गेला?

ऑरिन : मुद्दाम नाही रे. सुचलंच नाही मला. ओळख नव्हती.

लोरेटा : आगीचा बंब ओळखीवर चालत नाही, ऑरिन.

ऑरिन : हे असंच. शब्द न् शब्द हाच. भर गावसभेत, सगळ्यांसमोर, उभी राहून चौकशीचा अहवाल वाचून दाखवला हिनं. एक ओळ गाळली नाही. मी तिथंच हेल्मेट काढून टेबलावर ठेवलं, प्रमुखपद सोडलं. खटला भरायचा का नाही, ते सरकारी वकिलानं ठरवलं. हिचा काय संबंध? गावानं मला खांद्यावर घेतलं आणि हिला वाळीत टाकलं. चर्चमध्ये हिच्या बाकावर कोणी बसेना. मीसुद्धा नाही.

लोरेटा : पुरे आता.

ऑरिन : तिला म्हणावं, मी बोलतोय. पोरा, तुला मत नाही मिळालं माझं. मागच्याच आठवड्यात टपालानं पाठवलं.

कर्टिस : यांना दिलंत?

ऑरिन : दुसऱ्या कोणाला देणार? त्या दिवशी हिनं मला सोडलं असतं ना, तर नसतं दिलं.

लोरेटा : हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

ऑरिन : तिला म्हणावं, मत गुप्त असतं.

कर्टिस : मला एक मिनिट द्या. ...पेज? नाही, मी बरा आहे. ती जाहिरात लावायची नाही. नाही, थोडी बदलून पण नाही. खोटी आहे म्हणून! ...मला माहीत आहे दोन टक्के. ...हरलो तर हरलो. सहाला चर्चा आहे, मग बोलू.

लोरेटा : ओरडली का फार?

कर्टिस : अजून ओरडतेय, मी बंद केला. लोरेटा, मी चौदा वर्षं लोकांचे कागद तपासतोय. माझ्या सख्ख्या भावाचं नाव आलं असतं तर मी ते वाचून दाखवलं असतं का, काही सांगता येत नाही. खरं तर येतं. नसतं दाखवलं. तुमच्याविरुद्ध उभा आहे याची आज लाज वाटतेय मला.

लोरेटा : लाज कसली? नीट उभा राहा. समोर कोणी नसलं की मी पण सुस्तावेन. आणि आज चर्चेत राज्याच्या पेन्शन फंडाच्या मुद्द्यावरनं मी तुझी चामडी सोलणार आहे, आत्ताच सांगून ठेवते.

कर्टिस : सोला. पण आधी त्या रूबार्बच्या पायचा एक तुकडा खाऊ द्या.

ऑरिन : झाली का मैत्री? उचल मग. एक, दोन... हां. बसलं. तिला म्हणावं, मागच्या मांडीचं मांस पाठवून देईन. शिजवायला जमत नसेल तर तसं सांग म्हणावं.

लोरेटा : त्याला म्हणावं, आईचा मोठा तवा माझ्याकडेच आहे.

ऑरिन : माहितीये कुठंय तवा. पोरा, विचार तिला, थर्मासमध्ये कॉफी उरलीय का.

कर्टिस : नाही विचारणार.

ऑरिन : काय?

कर्टिस : तुम्ही विचारा.

ऑरिन : आधी हे हरीण बांधू दे.

लोरेटा : उशीर होतोय, कर्टिस. बस गाडीत.

ऑरिन : लोरेटा.

लोरेटा : हं?

ऑरिन : कॉफी आहे का?

लोरेटा : आहे. पण कप एकच आहे, माझा उष्टा.

ऑरिन : चालेल.