कंबर आत घेणारा शिंपी

आदरणीय अध्यक्षमहोदय, व्यासपीठावरील डॉक्टर मंडळी, आज निवृत्त होत असलेल्या सत्कारमूर्ती सिस्टरबाई, आणि औषधाच्या रांगेत माझ्या पुढेमागे उभे राहिलेल्या बंधुभगिनींनो,

माझे शिक्षण इयत्ता चौथी. शरीरशास्त्रावर बोलण्याचा मला अधिकार नाही. तरीही क्षयरोग फक्त छातीत होतो, असे मी दुकानातल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला पन्नास वर्षे ठणकावून सांगत आलो. अज्ञानाचा आवाज नेहमीच खणखणीत असतो, नाही का?

दोन वर्षांपूर्वी माझी पँट सैल होऊ लागली. मी शिंपी, कंबर आत घेतली. महिन्याने पुन्हा घेतली. संध्याकाळी कणकण येई, उजव्या बरगडीखाली दुखे, अन्न नकोसे होई. पण टीप किती सरळ बसली, याचेच मला कौतुक! चौथ्यांदा आत घेतलेली ती पँट घालून मी या दवाखान्यात आलो. थुंकी तपासण्यासाठी दिलेली डबी मी कोरडीच परत केली. म्हणालो, "बाई, मला साधा ठसकाही लागत नाही."

पोट तपासायला निजलो, तेव्हा सिस्टरबाईंना कंबरेवरच्या उसवलेल्या टिपांच्या खुणा दिसल्या. त्या म्हणाल्या, "काका, तुम्ही पँट आत घेत बसलात, आणि इकडे माणूस उसवत चाललाय!"

सुईने यकृताचा कण काढून तपासला. क्षय तिथे दडला होता. रक्तावाटे तो मूत्रपिंडात, हाडांत, मेंदूच्या आवरणातही जातो, हे मला तेव्हा कळले. यकृताचे नाव फुटताच मेव्हणे भेटीस आले. "दाजी, इतकी वर्षं एकटेच घेत होतात? आम्हाला विचारायचं तरी!" आयुष्यात थेंबाला न शिवलेला मी, पण खुलासा करावा, तर संशय वाढे.

सिस्टरबाईंनी विचारले, "घरात आणखी कोणाला त्रास?"

मी म्हणालो, "सगळे ठणठणीत."

दाराशी आमची सौभाग्यवती उभी होती. "पाठ दुखतेय म्हणून सहा महिने सांगतेय मी यांना."

"वय झाल्यावर दुखणारच," मी उत्तरलो.

"काका, तुम्ही गप्प बसा. काकू, तुम्ही आत या."

शाळा सुटल्यापासून मला कोणी असे बोलले नव्हते. तिच्या मणक्याला क्षय निघाला. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता, तर पाय गेले असते. दीड वर्ष औषध चालले. माझ्या यकृताला गोळ्या सोसतात की नाही, हे रक्त तपासून पाहत पाहत मीही बरा झालो.

हे सभागृह दुसऱ्या मजल्यावर आहे. आज ती जिना माझ्यापुढे चढली, एकदाही न थांबता. मी मागे कठडा धरून थांबलो होतो. दम लागला, असे तिला सांगितले. डोळे पुसत होतो, हे आपल्याला सांगतो.

सिस्टरबाई, उभयतांतर्फे आपले आभार. बोलण्यात काही उणेअधिक गेले असल्यास सभेने मोठ्या मनाने क्षमा करावी. अजून पुष्कळ बोलायचे होते, पण ती तिसऱ्या रांगेतून खूण करते आहे, "बसा आता." या खेपेस तिचे लगेच ऐकतो.