बाईंची चौथी ओळ

डोळ्यांच्या दवाखान्यात कंपाउंडरचे कान केसपेपर सोडून बाकावरच्या रॉक बँडवाल्या दोघांकडे लागले होते.

“सरकारविरुद्ध गाणाऱ्या त्या बाईंवर आपण गाणं करतोय, आणि त्यांचंच शेवटचं कडवं आपल्याकडे नाही!”

“रेकॉर्डच नाही गं. तिथे मी ड्रम बडवतो.”

“तू सगळीकडेच बडवतोस.”

शेजारचे आजोबा खाकरले. “घ्या लिहून.” आणि त्यांनी तीन ओळी घडाघडा म्हटल्या.

“आजोबा! तुम्ही बाईंबरोबर गायचात?”

“छे! मी पोलिसांचा लघुलेखक. पहिल्या रांगेत बसून त्यांचा शब्दन् शब्द उतरवायचो. खटल्यासाठी.”

“बाप रे! आणि चौथी ओळ?”

“टाळ्यांत ऐकूच आली नाही. कोर्टात माझा कागद वाचला, तर बाई पिंजऱ्यातून म्हणाल्या, ‘साहेबांची एक ओळ राहिलीय.’ आणि तिथंच गाऊन दाखवली.”

“मग?”

“मग काय! शिक्षा सहा महिन्यांनी वाढली.”

“ती ओळ आठवते तुम्हाला?”

“आठवते. पण ती बसल्याबसल्या म्हणायची नाही,” म्हणत आजोबा काठी टेकून उभे राहिले.

टेबलामागे कंपाउंडरही उठला.