सायत्राचं ताट

माहा जन्म धानोऱ्याच्या अलीकडच्या गावातला जी, रस्ता सोडून आत यावं लागते, अन आमच्या घराच्या मांगं जंगल लागते ते लागतेच. बाप धान करे, माय धान करे, घरात जे काई होतं ते धानच होतं, सकाळी भात, दुपारी भात, अन उरला का पान्यात घालून ठेवाचा, दुसऱ्या दिवशी त्याचीच बासी. भाकर म्हंजे पाहुनी, कधी आली तं आली. शाळेत माहं मन लागे नाई, मले चुलीपाशी बसनं आवडे, माय म्हने पोरगा आहे का पोरगी आहे हा. तर काय झालं, मी वडशाच्या एका नाटक कंपनीत सैपाकी लागलो. आमच्या झाडीपट्टीत दिवाळी झाली का गावोगाव नाटकं लागतात, कंपनी ट्रक घेऊन हिंडते, त्यात नट आले, नाचनाऱ्या बाया आल्या, पेटीवाले, तबलेवाले, पडदे बांधनारे आले, अन ह्या सगळ्याईले दोन टाइम जेवाले घालनारा मी. मोठमोठे डोंगे भरभरून भात काढला जी मी. वांग्याची भाजी अशी का लोक बोटं चाटत. किसनभाऊ, किसनभाऊ करत सगळे. होळीपर्यंत घराचं तोंड पाहाले भेटे नाई.

सायत्रा माही बायको, सिंदेवाहीकडची. घर तिनंच सांभाळलं, धानाचा रोवना तिनं केला, मोहाची फुलं वेचली, तेंदूपत्ता तोडला, आमची एकच पोरगी मंदा, तिले वाढवली, मूलकडं तिचं लग्न करून देल्लं. सायत्रा कमी बोलनारी. मी दहा गोष्टी सांगतो तेव्हा ती एक सांगते, अन तेही हासून.

आता जे सांगतो ते मागच्या पावसातलं. धान रोवून झाले होते. आमच्या न्हानीच्या कोपऱ्यात मुंग्या येऊन राह्यल्या होत्या, लाल, बारीक, अशी लांबच्या लांब रांग. सायत्रानं राख टाकली, दुसऱ्या दिवशी राखेवरून रांग. मी गरम पानी ओतलं, तरी आल्याच. मी म्हटलं इथी गूळ सांडला काय वं, ती म्हने न्हानीत गूळ कोन नेते. हासलो आमी. काय सांगू तुमाले, आमी दोघं त्या मुंग्याईकडं पाहून हासलो.

मंग तिले तहान लागाले लागली. माठ भरला का रिकामा, भरला का रिकामा. आंगावरचं मास उतरलं. एक दिवस भांडे घासता घासता तिच्या हातातल्या हिरव्या बांगड्या आपोआप सुटल्या अन दगडावर पडून फुटल्या, कोनी हातही लावला नोहता, मनगटच इतकं बारीक झालं होतं. आता आमच्याकडं बांगडी फुटली का बाई घाबरते, नवऱ्याच्या जिवाचं काई आहे म्हनते. सायत्रानं ते माह्यावर घेतलं. देवीपाशी नारळ फोडला, तीन शनिवार उपास धरला, मले म्हने तुमी जंगलात एकटे नोका जाऊ, वाघ फिरून राह्यला आहे. मी ठनठनीत होतो जी. ती माह्या जिवासाठी उपास करून राह्यली होती, अन जे आलं होतं ते तिच्याच आंगात येऊन बसलं होतं.

आशाताईनं ओळखलं. ती घरोघर येते ना, तिनं सायत्राचं तोंड पाह्यलं अन म्हनली मामी, उद्याच्या उद्या दवाखान्यात चाला. तिथी बोट टोचलं, मशिनीवर थेंब घेतला. डॉक्टर मॅडम तरुन आहे, माह्या मंदाच्या वयाची. तिनं मशीन पाह्यली, मंग दुसरं बोट टोचलं, पुन्हा पाह्यली. मले म्हने मामा, शुगर आहे, अन लगित आहे, खूपच जास्त. मी म्हटलं मॅडम आमच्या घरी साखर चहापुरती, गोड आमी सनालेच खातो. तिनं सायत्राले विचारलं, मावशी भात किती खाता. सायत्रानं दोन्ही हाताची ओंजळ केली, मंग ती ओंजळ अजून मोठी केली.

घरी येताना बसमध्ये ती खिडकीकडं तोंड करून म्हने, माह्या मायलेही मुंग्या लागत. मी म्हटलं काय. ती म्हने माय जिथी बसे तिथी मुंग्या येत, मंग तिले दिसाले कमी झालं, मंग पायाले जखम झाली, ती भरलीच नाई. झाडफूक करनाऱ्या पुजाऱ्यानं करनी सांगतली. शेजारच्या एका म्हातारीचं नाव घेतलं त्यानं, त्या म्हातारीले गावानं वाळीत टाकलं, कोंबडे कापले, सगळं केलं, अन मायचा पाय सडतच गेला, घरात पाय ठेववे नाई इतका वास. ती मेली तेव्हा सायत्रा लहान होती. इतकी वर्षं तिनं मले हे सांगतलं नोहतं. इतकं सांगून ती पुन्हा खिडकीबाहेर पाहाले लागली, अन बस जंगलातून जाऊन राह्यली होती.

दिवाळीले कंपनीचा फोन आला, किसनभाऊ कधी येता. मी म्हटलं येत नाई औंदा. मी तिले म्हटलं आता तुहा सैपाक मी करन.

तुमाले वाटन सैपाक्याले काय जड आहे. पन माह्या हाताले डोंग्याचा अंदाज, दोघाचा नाई. पहिल्या दिवशी डाळीत मीठ इतकं पडलं का कुत्र्यानं खाल्ली नाई. तेल तं मी पळीनं ओतनारा मानूस, मॅडम म्हने चमच्यानं मोजा. मॅडमनं ताट काढून दाखवलं होतं, अर्ध्या ताटात भाजी, पाव ताटात डाळ नाई तं उसळ, अन राह्यलेल्या पावात भात नाई तं भाकर. अन वेळेवर. गोळी खाल्ली का जेवलंच पाहिजे, टाळाचं नाई. मी ते डोक्यात पक्कं बसवलं. बाजारातून जवारी आनली, भाकर थापाले शिकलो, पहिल्या भाकरी नकाशासारख्या झाल्या, बोअरिंगवर पानी भरनाऱ्या बाया म्हनत सायत्राबाई, मजा आहे तुही, घरवाला भाकरी थापते. शेजारची जानोबाई, गोंडाची आहे, तिनं कुटकी देल्ली, वरईसारखं बारीक धान्य, म्हने हे शिजवून पाह्य दादा, आमचे म्हातारे हेच खात. सकाळी भाकर अन मेथी, दुपारी मुठभर भात अन मुगाची घट्ट डाळ अन वालाच्या शेंगा, चार वाजता फुटाने, संध्याकाळी कुटकी अन कारलं. चहा बिनसाखरेचा, मीही तसाच पेवो, तिच्यासमोर गोड कसा पेवाचा.

ती खाये. नको असं कधी म्हने नाई. पन मुकाट्यानं खाये. जन्मभर भातावर वाढलेली बाई, तिच्या पोटाले भाकर म्हंजे जेवनच वाटे नाई. एक दिवस मी सरपन घेऊन घरात आलो तं ती भाताचा रिकामा गंज दोन्ही हातात धरून त्यात तोंड घालून बसली होती. मी म्हटलं काय करून राह्यली. ती म्हने काई नाई, वास घेऊन राह्यली. मी गंज तिच्या हातून घेतला नाई. घेऊ दे म्हटलं वास.

शुगर उतराले लागली. मॅडम म्हनली शाब्बास मामा, असंच चालू द्या. मी दवाखान्यातून छाती काढून आलो. आंगावर मास भरलं तिच्या, लघवीतली साखर गेली तशा मुंग्याही गेल्या न्हानीतल्या. मी रोज कोपरा पाहो, एकही मुंगी नाई. मंदा आली तं म्हने बाबा, आई तं पहिल्यासारखी झाली. पन एक गोष्ट होती जी, ती चालताना तिची चप्पल पायातून निघून जाये अन ती तशीच पुढं जाये. मी हाक मारून सांगो, अवं चप्पल मांगं राह्यली. ती पाहे अन हासे, म्हने ध्यानात नाई आलं. मीही म्हटलं, चप्पल ढिली झाली असन.

महाशिवरातीले तिनं मले न सांगता उपास धरला. गोळी खाल्ली अन जेवली नाई. मी शेतावरून आलो तं ती ओसरीत बसलेली, घामानं चिंब, हात थरथरून राह्यले, मले म्हने तुमी कोनाकडचे जी. मॅडमनं सांगतलं होतं, असं झालं तं साखर द्या, थांबू नोका. साखर तं मी घरातून काढून टाकली होती, मी जानोबाईच्या घरी धावलो, मूठभर साखर आनली, पान्यात घोळून तिच्या तोंडात घातली. इतके महिने जी वस्तू मी तिच्यापासून लपवली ती माह्याच हातानं चारत होतो, अन देवाले म्हनत होतो लाग, लवकर लाग. थोड्या वेळानं तिनं मले ओळखलं. म्हने काऊन रडता. मी म्हटलं पुन्हा उपास करशीन तं पाह्य. ती म्हने तुमच्यासाठीच तं करतो.

मंग मोह आला. आमच्या इथी मोह पडाले लागला का कोनी घरात राहत नाई. झाडाखालचा पालापाचोळा लोक पेटवून देतात, म्हंजे फुलं साफ दिसतात. आग वरून विझते, पन राखेच्या पोटात कधी कधी निखारे राहतात. मी तिले म्हटलं औंदा राहू दे. ती म्हने जानो जाऊन राह्यली, मी घरी बसून काय करू. वाघाची भीती होती, मी तिले वाघाचंच सांगत बसलो, दोघी सोबतच राहा, बोलत राहा, वाकून जास्त वेळ बसू नोका. मी वाघाकडं पाहून राह्यलो होतो जी.

तिची सकाळची वेळ चुकू नये म्हून मी डबा घेऊन मांगून निघालो. भाकर अन वांग्याची भाजी, कमी तेलाची. जंगलात थोडा आत गेलो तं मले वास आला, रबर जळल्यासारखा. म्हटलं कोनी टायर पेटवला काय इथी. अन त्या वासात दुसरा वास होता, कंपनीत आमी कोंबडं सोलून जाळावर भाजो, तसा. पुढं गेलो. जानोबाई दूरच्या झाडाखाली होती, तिची पाठ इकडं. सायत्रा माह्यासमोर, वाकून फुलं वेचून राह्यली, मले पाहून हासली. म्हने आज काय आनलं. तिचा उजवा पाय राखेत होता, अन राखेतून धूर निघून राह्यला होता, चप्पल वितळून पायाले चिकटली होती. ती त्याच पायावर उभी होती. हासून राह्यली होती.

मी डबा फेकला अन तिले ओढलं. ती पडली, टोपली सांडली, मोह पसरला, माह्यावर चिडली, म्हने काऊन ओढता, येडे झाले काय. मंग तिनं खाली पाह्यलं. जानोबाई धावत आली अन तिनं तोंडावर पदर घेतला. सायत्रा रडाले लागली. मी म्हटलं लगित दुखते काय. ती म्हने दुखत नाई जी. दुखतच नाई. तेच म्हनत राह्यली अन माहा हात घट्ट धरून राह्यली.

गडचिरोलीच्या मोठ्या दवाखान्यात ठेवलं. अंगठा अन त्याच्या बाजूचं बोट काढलं. मंदा येऊन राह्यली होती रोज. मी डॉक्टर लोकाईले विचारलं का मी तं सगळं बराबर शिजवलं, शुगर उतरली होती, मंग हे कसं. ते म्हनले भाऊ, शुगर तुमाले समजली त्याच्या कितीक वर्षं आधीपासून तिच्या आंगात होती, पायाच्या नसा तेव्हापासूनच मरत आल्या. तुमी शिजवलं म्हून जखम भरून राह्यली, नाई तं पाय गेला असता. हे त्याईनं चांगल्या मनानं सांगतलं. पन मी रात्रंदिवस तेच धरून बसलो. म्हंजे मी नाटकाच्या गावी भात काढत होतो, ती इथी रोवन्यात होती, आमी हासत होतो, बोलत होतो, मंदाचं लग्न केलं, तेव्हा ते आत होतं. आता माह्या चुलीवर जे शिजते ते पुढचं शिजते, जे मांगं झालं त्यावर चूल चालत नाई.

आता घरी आनली आहे. जखम बरीचशी भरली. भाकर चांगली गोल होते माही आता. ती ताटात असन तितकं खाते, उपास सोडले. उजव्या पायाची पट्टी मी बदलतो, अन डाव्या पायाचं सिस्टरनं मले शिकवून देल्लं आहे. तिले डोळे मिटाले सांगाचे, आपल्या बोटानं तिच्या एकेका बोटाले हलकंच शिवाचं, अन विचाराचं समजते का. आंघोळ झाली का अंगनात बसवतो अन करतो. मी रोज त्याच क्रमानं शिवो, अन ती अंगठा, करंगळी, मधलं, बराबर सांगे.

परवा तसंच बसलो होतो. तिनं डोळे मिटले. मी हात पुढं केला तितक्यात रस्त्यावरून कोनी हाक मारली, मी तिकडं पाह्यलं, हात माहा तसाच वरच्यावर राह्यला. अन सायत्रा म्हने, हो, समजलं, अंगठा. मी अजून शिवलोच नोहतो जी. मंग मी शिवलो, अंगठ्याले, चांगलं दाबून. तेव्हा ती काई बोलली नाई.

मी म्हटलं बरं. अन उठून चूल पेटवाले गेलो.

डावा पाय दाखवाले मंगळवारी तिले दवाखान्यात न्याचं आहे, मंदाले फोन केला, सायत्राले अजून सांगतलं नाई. तिले माहीत असन, अन मले समजलं हेही तिले माहीत असन. तुमच्या घरच्या मानसाईचे हातपाय धड राहो, अजून काय म्हनू. बसा, तिची जेवनाची वेळ झाली, तुमच्यासाठीही भाकर टाकतो. जरा हळू बोला जी, ती आत जागीच आहे.