तात्यांची उडी, माझा फेटा

त्या शिनेमातल्या सुपरहिरोंचं कवतिक मला सांगू नका, गड्यांनो. ज्याला गोळी लागून खरचटत बी न्हाई, त्यानं छाती पुढं केली तर त्यात धाडस कसलं? मी सोता असला हिरो झालोय, म्हणून सांगतो.

गेल्या उन्हाळ्यात कडेगावात शेजारची आक्का विहिरीत पडली. आरडाओरडा ऐकून मी पळत गेलो, तर आत दोन माणसं गटांगळ्या खात हुती. दुसरे आमचे चुलते, तात्या! पवता येत न्हाई, तरी आक्काला काढायला उडी टाकलेली. मी ल्हानपणापासनं त्याच विहिरीत पवतोय. दोघांना काढलं, मला धापसुदिक लागली न्हाई.

गावानं माझा सत्कार केला. शाल, नारळ, फेटा. सरपंच मला सुपरहिरो म्हणाले आणि पुढं बसलेल्या तात्यांना माइकवरनंच झापलं, "ह्या वयात असला येडेपणा करू नका." सगळी हसली. तात्याबी हसले. मला मात्र खुर्चीत बसवंना. फेटा नुसता टोचाय लागला.

कार्यक्रम संपल्यावर फेट्यासकट तसाच तात्यांच्या घरी गेलो.

"आवं तात्या, पवता येत न्हाई, मग उडी का टाकली?"

"आक्का वरडली रं. पवता येत न्हाई ते पाण्यात गेल्यावर आठवलं."

मी फेटा काढून त्यांच्या डोक्यावर ठेवाय गेलो, तर हात धरला माझा.

"ते ऱ्हाऊ दे. त्यापरीस मला पवायला शिकीव. पुढच्या टायमाला तुझी वाट बघाय नको."