रहाटाची माळ चढण्याआधी

समारंभाचे अध्यक्ष आणि आमचे शेजारी माननीय दिनानाथकाका, ज्यांच्या निरोपासाठी आपण जमलो ते सॅनिटरी इन्स्पेक्टर विद्याधरसाहेब, व्यासपीठावरची वडीलधारी मंडळी आणि समोर बसलेल्या बोळिंजच्या बंधुभगिनींनो, सर्वांना माझा नमस्कार.

माझी शाळा सहावीत सुटली. म्हणून लिहून आणले आहे, पाहून वाचतो. साहेबांना आता दिलेले मानपत्रही माझ्याच हातचे. मजकूर मंडळींनी सांगितला, अक्षर माझे. त्यात साहेबांच्या दूरदृष्टीचा उल्लेख आहे. तो शब्द मी फार जपून काढला.

साहेब आले तेव्हा सेप्टिक टाकी आम्हाला नवी होती. संडास घराशेजारी, आणि त्याचे पाणी शोषखड्ड्यातून जमिनीत मुरवायचे! साहेबांनी ते पटवून दिले. नियम सरळ होता. जागेवर लहान खड्डा खणून पाणी ओतायचे. मुरले तर परवाना, साचले तर नाही. खाडीकडच्या चिकण मातीत पाणी हलेना, तिकडचे अर्ज परत गेले. आम्ही रेताड जमिनीचे वाडीवाले त्यांना हसलो. जमिनीचाही माणसाला गर्व होतो, नाही का?

गेल्या वैशाखात दिनानाथकाकांच्या टाकीची चाचणी झाली. जागा आमच्या बांधालगत, तिथून आमची विहीर जवळच. आमचा रहाट सकाळपासून फिरत होता. बैलांमागे माझी बहीण प्रेमलता होती. रहाट इतका कुरकुरत होता की खड्ड्याशी काय बोलतात ते साहेबांना ऐकू येईना. तिने ओरडून विचारले, "साहेब, बैल उभे करू का?"

साहेब म्हणाले, "नको गं, चालू दे! तुझ्या केळी कशाला उपाशी ठेवतेस?"

कळशी ओतली. पाणी बघता बघता नाहीसे झाले. काका म्हणाले, "साहेब, ही जमीन माझ्या जावयापेक्षा जोरात पिते हो!" सगळे हसले. प्रेमाही हसली. साहेबांनी तिथेच सही केली.

ते पाणी आमचा रहाट ओढत होता. दिवसभर उपसा चालला की विहिरीभोवतालची वाळू कोरडी पडते, हे वाडीतल्या कोणालाही ठाऊक असते. त्या दिवशी ते कोणालाच आठवले नाही.

मग पावसाळा लागला. आपल्या रिवाजाप्रमाणे रहाटाची गाडग्यांची माळ उतरवून ठेवली. उपसा थांबला, विहीर वर आली, वाळूतले पाणीही वर आले, आणि काकांचा शोषखड्डा व आमची विहीर एक झाली. श्रावणात पाण्याला वास येऊ लागला. आईने तुरटी फिरवली. भाद्रपदात प्रेमाला मुदतीचा ताप भरला. पुढचे काय सांगू? तिला पोहोचवायला आपल्यापैकी पुष्कळजण आला होतात.

मी साहेबांना कचेरीत भेटलो. ते रागावले नाहीत, चहा मागवला. म्हणाले, "अरे, चाचणी तुमच्या सगळ्यांसमोर झाली. परवाना रद्द करायचा तर नवी चाचणी हवी. सवड झाली की येतो." मी पुन्हा गेलो. पुन्हा चहा झाला. कचेरीतला चहा चांगला असतो. सवड झाली नाही, बढती झाली.

काका, बसतो, थोडेच राहिले आहे. आपण माझ्या वडिलांना म्हणालात, "जगन्नाथ, पोराला आवर. पोरगी तापाने गेली, माझ्या संडासाने नाही." वडिलांनी मान खाली घातली. आमची वाट आपल्या अंगणातून जाते ना. पण आज आपण अध्यक्ष आहात. वक्त्याचे शेवटपर्यंत ऐकणे आपल्याला भाग आहे.

दसरा झाला. सगळ्या वाड्यांत माळा चढल्या, आमची मी चढवू दिलेली नाही. केळीची पाने पिवळी पडत आहेत. वडील माझ्याशी बोलत नाहीत. पिण्याचे पाणी आम्ही पलीकडच्या वाडीतल्या गॅब्रिएलच्या विहिरीवरून आणतो, पण कोणी किती दिवस देईल? नवे साहेब येईपर्यंत रहाट असा थांबवून ठेवता येणार नाही. तो फिरू लागला की पाणी पुन्हा मुरेल, परवाना पुन्हा योग्य ठरेल, आणि येत्या पावसाळ्यात त्या विहिरीचे पाणी माझी धाकटी बहीण शांता भरेल.

साहेब, उद्या सकाळपर्यंत सही आपलीच चालते. स्टेशनची वाट आमच्या वाडीवरूनच आहे. जुन्या जागेशेजारी, आमच्या हद्दीत, मी नवा खड्डा खणून ठेवला आहे. कळशी भरलेली नाही. ओतायची गरजच नाही, खड्ड्यात पाणी आधीच उभे आहे. आपण फक्त वाकून पाहायचे.

आपण सर्वांनी ऐकून घेतलेत, आभारी आहे. काही कमीजास्त बोललो असेन तर माझ्या अपुऱ्या शिक्षणाकडे पाहून क्षमा करावी. खड्डा मात्र रात्रीतून कोणी बुजवू नये, एवढी विनंती.