कोरा करकरीत

दुरुस्तीच्या दुकानाबाहेर बाकावर माझ्या शेजारी दोन मित्र बसले होते. एकाच्या मांडीवर लॅपटॉप होता.

“विंडोज नव्याने टाकायला बूटेबल पेनड्राइव्ह मी स्वतः बनवला.”

“अरे वा! मग इथे कशाला?”

“लॅपटॉप अगदी कोरा करकरीत झाला. माझी कादंबरीसुद्धा गेली.”

“सगळं पुसण्याआधी लॅपटॉपने विचारलं नाही?”

“विचारलं ना. मीच ऐटीत ‘हो’ दाबलं. बायकोला दाखवायचं होतं, मला जमतं म्हणून.”

“दुसरी प्रत नाही कुठे?”

“आहे, तिच्याकडेच.”

“मग सुटलास की!”

“कसला सुटतोय! ती देत नाही. म्हणते, ‘देवानेच संपादन केलंय, मी कशाला मध्ये पडू?’”

“पण वहिनींनी वाचलीय का?”

“अख्खी वाचलीय. म्हणून तर देत नाही.”